वलगावच्या मांडवातलं बी

फेब्रुवारीत वऱ्हाडात जाते म्हटल्यावर आमच्या सांगलीच्या शेजारणींनी मी चिखलदऱ्याला निघाले असंच धरलं. आल्यावर फोटो मागायला लागल्या. चिखलदरा मी पाहिलाच नाही. नऊ दिवसांत मी पाहिलं ते एवढंच: एक प्रयोगशाळा, कारल्याचा एक मांडव, एका दवाखान्यातला लांब बाक आणि परतवाड्याचा बाजार. फोटो काढायचे राहूनच गेले, म्हणून हे लिहिते आहे.

मला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. सगळा जन्म उसाच्या जिल्ह्यात गेला, तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाले त्याच वर्षी तपासणीत साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. अश्विनी माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन अकोल्याला गेली, तिथल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि उरलेल्या वेळात बियांमधल्या प्रथिनांवर काम करते. या प्रथिनांचा रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला काही उपयोग होईल का, हे तिला शोधायचं आहे. दिवाळीत फोनवर म्हणाली, "मॅडम, एकदा याच. तुम्ही अकरावीत शिकवलेलाच प्रयोग मी रोज करतेय."

विद्यार्थिनीचं कौतुक करायला चालले, असं मी घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण गोळ्या सुटण्याची काही वाट निघते का हे बघायचं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

अकोला

अकोल्याचं ऊन फेब्रुवारीतच अंगावर येतं. अश्विनीची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना ओले पडदे लावलेली. टेबलावर काचेच्या बरण्यांतून बिया मांडलेल्या होत्या: तूर, जवस, मेथी, चवळी, कारलं. चवळीला इकडे बरबटी म्हणतात. कारल्याचं बी मी पहिल्यांदाच निवांत पाहिलं. चपटं, कडेला नक्षी काढल्यासारखं.

"बी म्हणजे झाडाचं बाळ," अश्विनी सांगू लागली. "किड्यानं ते खाल्लं तर त्याला पचू नये म्हणून झाड त्यात काही प्रथिनं भरून ठेवतं. ती पचवणाऱ्या विकरांना अडवतात. आपल्या लाळेतही तसंच विकर आहे, भाकरीतल्या स्टार्चची साखर करणारं. त्यालाही ती अडवतात का, ते बघायचं."

तिनं दोन परीक्षानळ्या घेतल्या. दोन्हीत स्टार्चचं पाणी, दोन्हीत विकर. एकीत बियांमधून काढलेल्या प्रथिनाचे काही थेंब जास्त. थोडा वेळ थांबून तिनं दोन्हीत आयोडीन टाकलं. पहिली नळी पिवळसर झाली. तिच्यातला स्टार्च संपला होता. दुसरी निळी-काळी झाली. तिच्यातला स्टार्च जागच्या जागी होता, मोडलाच नव्हता.

आयोडीनचा हा निळा रंग मी तीस वर्षं मुलांना दाखवला. त्या दिवशी मात्र मी ती नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली.

"मग गोळ्या सोडू का गं?" मी हसत विचारलं. हसण्यावारी नेलं, पण विचारायचं होतंच.

अश्विनी हसली नाही. "मॅडम, ही नळी आहे. पोट नाही. हे कच्च्या बियांचं प्रथिन आहे. कच्चं बी खाणं बरं नाही आणि शिजवलं की हा गुण बहुतेक जातो. शिजवूनही टिकेल असं काही सापडतं का, तेच तर शोधतेय."

रात्रीच्या जेवणात तिच्या सासूबाईंनी ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. आमच्याकडे हे दाणे शेंगेत खारवून खातात, भाजी क्वचित. मी तीनदा भाजी घेतली.

वलगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अमरावतीला पोहोचलो. बसस्थानकाबाहेर गिला वडा खाल्ला. भिजवलेल्या डाळीचा मऊ वडा, वर दही आणि चटणी. गाडीवाल्यानं विचारलं, "सांबार टाकू का?" मला वाटलं, इडलीबरोबरचं सांबार. दह्यावर सांबार कशाला, म्हणून ठामपणे नको म्हटलं. अश्विनीच्या वड्यावर त्यानं हिरवीगार कोथिंबीर भुरभुरली आणि ती हसत सुटली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. मी पुन्हा हात पुढे केला तर तो म्हणाला, "आता काहून?" पण मूठभर टाकली.

हे 'काहून' सुरुवातीला मला टोचत होतं. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर 'का' विचारत नाहीत. इथे विचारतात, आणि विचारता विचारता ताटही पुढे सरकवतात.

वलगाव अमरावतीपासून जवळच आहे. काळी जमीन, वेचून संपत आलेला कापूस, मधूनमधून भाजीचे हिरवे तुकडे. देविदासभाऊ आणि शोभाताईंचा मळा त्यातलाच एक. पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणारं घर. मागच्या हंगामात अश्विनीनं त्यांच्याकडून पिकलेली कारली घेतली होती, बियांसाठी. या वर्षीही हवी होती.

बांबू-तारांच्या मांडवाखाली गारवा होता आणि कारली डोक्याशी लोंबत होती. शोभाताई तोडणी करत होत्या. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

"आली का अश्विनीताई! या मॅडम कोन?"

ओळख झाली. देविदासभाऊ मांडवाच्या टोकाला खाटेवर पडले होते. सकाळचे अकरा वाजले होते. अश्विनी चमकली, कारण मागच्या वर्षी ते एका जागी बसल्याचं तिनं पाहिलं नव्हतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. भाऊंची गालफडं बसलेली, ओठ कोरडे. बोलताना दोनदा तांब्या तोंडाला लावला. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं.

"बांबूची कामटी लागली," ते म्हणाले. "महिना झाला. भरूनच नाई राहिली."

तहान, उतरलेलं अंग, न भरणारी जखम. "भाऊ, तुम्हाला साखर आहे का?"

"हाय ना. चार वर्सं झाले. पन गोया बंद केल्या."

इकडे 'ळ'चा 'य' होतो. गोया म्हणजे गोळ्या, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"काहून?" हा शब्द माझ्याच तोंडून निघाला.

ते अश्विनीकडे बघून समाधानानं हसले. "हे पोरगी सांगून गेली ना मांगच्या साली. कारल्याच्या बियात साखर कमी कराची ताकद हाय म्हने. तवापासून बिया वाटून खाऊन राहिलो रोज. घरचंच औषद. गोया कायले पायजेत?"

अश्विनीचा चेहरा उतरला. "भाऊ, मी असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, असू शकते."

"थेच ना."

मी पर्समधलं साखर मोजायचं यंत्र काढलं. त्यांचं बोट पुसलं, टोचलं, पट्टीला थेंब लावला. आकडा आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं उमटली.

शोभाताई वाकून बघत होत्या. "काय म्हन्ते थे?"

"हाय," मी वाचलं.

"हाय? काय हाय?"

"साखर हाय म्हन्ते," देविदासभाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले. "यंत्रबी वऱ्हाडी दिसते!"

मला हसता आलं नाही. साखर त्या यंत्राच्या मापापलीकडे गेली होती. मी ते सांगितलं आणि म्हटलं, "आत्ता दवाखान्यात जायचं."

"आज नाई. उद्या सकायी माल अमरावतीले न्याचा हाय. परवा पाहू."

"परवापर्यंत थांबता येणार नाही, भाऊ."

त्यांनी तोंड फिरवलं. अश्विनी खाटेशेजारी मातीत बसली. "चूक माझी आहे. माझं काम अजून काचेच्या नळीत आहे. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. बी घेऊन जायच्या घाईत होते, अर्धंच सांगितलं. मला शिव्या द्या, पण चला."

मग मी माझ्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "भाऊ, मी रसायनशास्त्र शिकवलं आयुष्यभर. तरी काल हिच्या प्रयोगशाळेत एक निळी नळी बघितली आणि मीही हेच विचारलं, गोळ्या सोडू का. तुम्हाला वाटलं तेच मला वाटलं. फरक इतकाच, मला 'नको' म्हणायला ही समोर उभी होती."

त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. "तुमालेबी हाय?"

"आहे."

शोभाताईंनी तोपर्यंत डोक्याचा रुमाल सोडला होता आणि शेजारच्या मळ्यातल्या गाडीला हाक मारली होती. "उठा. माल मी पाह्यतो. तुमी नसान तर कारले काय कराचे मले?"

ते उठले. उठताना तोल गेला, आम्ही दोघींनी धरलं.

अमरावती

दवाखान्यात त्यांना लगेच दाखल करून घेतलं. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. दोन तासांनी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, की वेळेवर आणलंत, पायही वाचेल असं वाटतं. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस गोळ्यांशिवाय कसे काढले? अश्विनीनं सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. डॉक्टर ऐकून घेत राहिले. म्हणाले, "तुमचं काम सोडू नका. फक्त पुढच्या वेळी मोठ्यानं सांगा की हे औषध नाही."

दवाखान्यातल्या लांब बाकावर आम्ही दोन दिवस आळीपाळीनं बसलो. शोभाताई पहाटे माल बाजारात देऊन यायच्या आणि येताना घरून डबा आणायच्या. पहिल्या डब्यात आमच्यासाठी रोडगे होते, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, आणि बरोबर झणझणीत वांग्याची भाजी. दवाखान्याच्या जिन्याखाली बसून आम्ही ते तुपात कुस्करून खाल्ले. मी अर्धा खाल्ला आणि गोळी घेतली. शोभाताई माझ्याकडे बघत होत्या. "थे घेतल्यावर काई होते का तुमाले?" त्यांनी विचारलं. काही होत नाही, म्हटलं. "मग याहिनं काहून एवढा धसका घेतला होता गोयांचा?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

तिसऱ्या दिवशी देविदासभाऊ उशीला टेकून बसले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणजे जिवंतपणाचं पाणी. नर्स इन्सुलिनची सुई देऊन गेली तसं त्यांनी अश्विनीला विचारलं, "हे तोंडानं काहून नाई देत?"

"भाऊ, इन्सुलिन हे प्रथिनच आहे. तोंडानं घेतलं तर पोट त्याला डाळीसारखं पचवून टाकतं. कामाच्या जागी ते पोचतच नाही. म्हणून सुई."

"म्हंजे माया कारल्याच्या बियाबी पचूनच गेल्या?"

"बहुतेक. तुम्ही त्या कच्च्या खात होतात, त्यानं उलट त्रासही होऊ शकतो."

"तरीच पोट दुखे." आणि पुढे, "मंग तू हे काहून करून राहिली? पचूनच जाते तं?"

तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. अश्विनी खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, काही प्रथिनांना रक्तापर्यंत जावंच लागत नाही. आतड्यात थोडा वेळ टिकली आणि स्टार्च हळूहळू मोडू दिला, तरी जेवणानंतरची साखर एकदम उसळणार नाही. काही प्रथिनांचे पचताना बारीक तुकडे होतात, आणि त्यातला एखादा तुकडाच उपयोगी पडेल, असंही होऊ शकतं. शिवाय भाकरीबरोबर पोटभर डाळ-उसळ असली की साखर सावकाश चढते, हे तर डॉक्टरही सांगतात.

"गोयांसंगं?"

"गोळ्यांसोबतच. गोळ्यांच्या जागी नाही."

देविदासभाऊंनी मान हलवली. "आता समजलं."

परतवाडा

चौथ्या दिवशी शोभाताईंनी आम्हाला जवळजवळ हाकलूनच दिलं. "तुमी काहून बसून राहिल्या इथं? मी हाय ना. जा, तुमचं काम करा." म्हणून आम्ही परतवाड्याचा बाजार गाठला. मेळघाटातून येणारं जुनं देशी कडधान्य अश्विनीला तिथून घ्यायचं होतं.

वाटेत संत्र्याचे बगीचे लागले. जीपमध्ये शेजारच्या बाईंनी न विचारता दोन संत्री मांडीवर ठेवली. एक खाल्लं, एक ठेवून दिलं. सातपुड्याची निळी रांग पुढे पुढे येत गेली आणि परतवाड्याला पोहोचताना अगदी रस्त्याच्या टोकाशी उभी राहिली. सांगलीला असा मोठा डोंगर नाही. मी मान वर करूनच चालत होते, आणि एका मिरचीच्या पोत्यावर अडखळले. पोतं कलंडलं नाही, पण दुकानदारासकट आम्ही तिघं शिंकत सुटलो.

बाजाराच्या कडेला एक म्हातारी बाई गोणपाटावर कडधान्याचे लहान ढीग मांडून बसली होती. बरबटीच तिच्याकडे तीन रंगांची होती: पांढरी, तांबडी आणि बारीक ठिपक्यांची. अश्विनीनं तिला विचारलं, ही ठिपक्यांची कशी शिजवता?

"लय येळ लागते हिले. रातभर भिजू घालाची. लवकर शिजतच नाई," म्हातारी म्हणाली. "शहरातले लोक म्हनून घेत नाईत."

अश्विनीचे डोळे लकाकले. शिजायला हट्टी असलेलं बी तिला हवंच होतं. तिनं तिन्ही रंगांची बरबटी घेतली, आणि निघताना म्हातारीसमोर उभी राहून हळू, स्पष्ट शब्दांत म्हणाली, "आजी, मी हे तपासायला नेतेय. हे कशाचं औषध आहे असं मी म्हणत नाही हं."

म्हातारीनं तिच्याकडे नवलानं बघितलं. "औषद कोन म्हन्ते? उसय कर अन् खा!"

पुन्हा अकोला

सहाव्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत बसलो. बरबटी रात्रभर भिजवली होती. ती घरच्यासारखीच कुकरमध्ये शिजवली, गार केली, वाटून गाळली. सोबत कारल्याचं बीही उकळून घेतलं. मला काम मिळालं होतं ते घड्याळ बघायचं. तीस वर्षं मुलांना वेळ सांगत आले, आता स्वतः सांगकाम्या झाले होते आणि मला ते फार आवडलं.

आधीसारखंच स्टार्च आणि विकर घालून शेवटी आयोडीन पडलं. उकळलेल्या कारल्याची नळी पिवळी झाली. गुण गेला. पांढऱ्या बरबटीची पिवळी, तांबडीचीही पिवळी. ठिपक्यांच्या बरबटीची नळी आधी काळसर झाली, मग उतरत उतरत फिक्या जांभळ्यावर थांबली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. ती आणखी उतरली नाही. म्हणजे शिजवूनही थोडा गुण टिकला होता.

"बरबटीतला स्वतःचाच स्टार्च असेल हा," मी म्हटलं. शिक्षकाची खोड.

"त्याची वेगळी नळी ठेवलीय, मॅडम." तिनं दाखवली. तिच्यात नुसतं शिजवलेल्या बरबटीचं पाणी होतं, आणि ती पिवळसरच होती.

मी तिच्या पाठीवर थाप मारली. तिनं लगेच वहीत लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता म्हणाली, "एका नळीवरून काही म्हणता येत नाही. पुन्हा करायचं, वेळ बदलून करायचं, दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं. चूकही निघेल." पण लिहिताना ती गालात हसत होती. माझं तर हसू लपेना. खाली उतरून आम्ही कच्चा चिवडा खाल्ला, भरपूर सांबार घालून.

पुन्हा वलगाव

नवव्या दिवशी मला बडनेऱ्याहून गाडी होती. त्याआधी आम्ही वलगावला गेलो. देविदासभाऊ आदल्या दिवशी घरी आले होते. पायाला स्वच्छ पट्टी, बाजूला गोळ्यांचा डबा. चालायला मनाई होती, म्हणून खाट मांडवातच आणून टाकली होती आणि तिथूनच ते तोडणीवर देखरेख करत होते. गालांवर थोडी रया आली होती.

"जखम सुकून राहिली," त्यांनी पाय उचलून दाखवला. मग मांडवाच्या एका ओळीकडे बोट केलं. "थे लाइन तोडली नाई. पिकू देऊन राहिलो. तुह्या बियांसाठी."

इतकं झाल्यावर पुन्हा बी मागायचं धाडस अश्विनीला होणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आम्ही चहा घेत होतो, माझा बिनसाखरेचा आणि भाऊंचाही. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला प्रल्हाद नावाचा शेतकरी आला. त्याच्या आईला साखर होती आणि देविदासभाऊ कारल्याच्या बिया खातात, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

"भाऊ, मूठभर बी द्या ना. मायले देतो."

शोभाताईंचा हात विळ्यावर थांबला. अश्विनी उठू लागली, पण देविदासभाऊंनी तिला हातानं बसवलं.

"बी नाई देत," ते म्हणाले. "थे खाऊन मी मराले टेकलो होतो. तुही माय गोया घेते का?"

"कधी घेते, कधी नाई."

"रोज घ्याले लाव. आजपासून. तिले इथं घेऊन ये, मी सांगतो तिले." त्यांनी पिकायला ठेवलेल्या ओळीकडे पाहिलं. "त्या बियातलं औषद अजून झालं नाई, बावा. हे ताई पाहून राहिली. सापडलं तं सांगीन तुले, पयले तुलेच सांगीन."

"कधी सापडन?"

देविदासभाऊंनी अश्विनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माहीत नाही. पण मी शोधतेय."

प्रल्हादनं शोभाताईंकडून भाजीसाठी कारली घेतली आणि आईला आणायला घराकडे वळला.